‘प्रोग्नोसिस गार्डेड’ लिहिलंय, आता आम्ही काय समजायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७१ वर्षांचे, राजापूर तालुक्यात गावी राहतात, सोबत आई. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर. यंदा दुसऱ्यांदा धाप लागून ॲडमिट करावं लागलं, पाच दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रोग्नोसिस : गार्डेड, नातेवाइकांना कल्पना दिली आहे’ असं लिहून खाली सही घेतली. मुलगा नोकरीला डोंबिवलीत. त्याला विचारायचंय की याचा अर्थ काय, वडिलांकडे किती वेळ आहे, आणि त्यांना मुंबईला आणावं की गावीच ठेवावं.

तुमच्या तिन्ही प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्यासाठीच हवी असतात, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

निदान म्हणजे आजार कोणता, हे. प्रोग्नोसिस म्हणजे हा आजार या माणसात इथून पुढे कसा जाईल याचा, आज हाती असलेल्या माहितीवर बांधलेला अंदाज. कागदावर तो गुड, फेअर, गार्डेड, पुअर, ग्रेव्ह अशा वाढत्या काळजीच्या शब्दांत लिहायची रीत आहे. ‘गार्डेड’ म्हणजे सुधारणा होऊ शकते पण भरवसा देता येत नाही, आणि बिघडलं तर पटकन बिघडेल. या शब्दांना ठरलेले टक्के नाहीत. एका डॉक्टरांचं गार्डेड ते दुसऱ्याचं पुअर. ‘कल्पना दिली आहे’ हे वाक्य तर पुष्कळदा पुढे भांडण नको म्हणून लिहिलेलं असतं. कल्पना खरंच दिली गेली का, हे सही करणाऱ्यालाच माहीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत प्रोग्नोसिसवर स्वतंत्र कलम आहे : डॉक्टरांनी आजाराचं गांभीर्य फुगवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि रुग्णाला किंवा घरच्यांना त्यांच्या हिताला पुरेल एवढी माहिती मिळाली आहे याची खात्री करावी. तेव्हा पुन्हा जाऊन विचारण्यात संकोच बाळगायचं कारण नाही.

विचारताना एक पक्कं लक्षात ठेवा. कामाच्या प्रोग्नोसिसला चार बाजू असतात : कशाबद्दल, किती काळात, कोणते उपचार चालू धरून, आणि कुठल्या दिवशी सांगितलेलं. यातली एक जरी बाजू सुटली तरी घरात तीन भावांचे तीन अर्थ होतात.

‘कशाबद्दल’ ही बाजू सर्वांत जास्त सुटते. जिवाचा धोका वेगळा, हातपाय-वाचा-डोळे पूर्ववत होण्याचा अंदाज वेगळा, आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वेगळी. अर्धांगवायूत हे स्पष्ट दिसतं. ‘पेशंट आता धोक्याबाहेर आहे’ असं आयसीयूतून सांगतात ते जिवापुरतं. घरचे ऐकतात ते ‘आता चालायला लागतील’ असं. हाताचं काय होईल हे पाहायला डॉक्टर पहिल्या ७२ तासांत दोन साध्या हालचाली बघतात. खाटेवर आडवं असताना दंड अंगापासून थोडा तरी बाहेर उचलता येतो का, आणि मिटलेली बोटं थोडी तरी उघडता येतात का. मूठ आवळता येणं फसवं असतं, बोटं उघडणं महत्त्वाचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दुसऱ्या दिवशी या दोन्ही हालचाली थोड्या तरी असलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना सहा महिन्यांत हाताने काही ना काही काम करता येऊ लागलं. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं, आणि नवव्या दिवशीही काहीच हालचाल नसेल तर १४ टक्के. आता याचा उपयोग बघा. बोटं उघडत असतील तर व्यायामाचा भर त्याच हातावर. अजिबात उघडत नसतील तर त्या हाताचा सांधा आखडू नये, खांदा निखळू नये याची काळजी, आणि जेवण-आंघोळ-कपडे दुसऱ्या हाताने करायची सवय लगेच सुरू. ‘बघू, हळूहळू येईल’ म्हणत थांबलं तर दोन्हीकडून नुकसान. बोटांची ही परीक्षा झोपेचं किंवा गुंगीचं औषध चालू असताना घेतली, किंवा रुग्णाला सांगितलेलं समजतच नसताना घेतली, तर निकाल चुकीचा येतो हेही ध्यानात असू द्या.

‘कोणते उपचार धरून’ याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण कोकणातलंच आहे. लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, ठोके वाढतात आणि पुढे फुप्फुसात पाणी भरून माणूस गुदमरतो. अशा गंभीर अवस्थेत आलेल्यांपैकी एके काळी जवळपास ३० टक्के दगावत, त्यात पोरं जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठीचं औषध वापरून १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले, आणि पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. विंचू तोच, विष तेच, आजाराचं नावही तेच. पण १९७५ चं प्रोग्नोसिस १९९५ ला लागू नाही. म्हणून ‘आमच्या आज्याला हेच झालं होतं, चार दिवसांत गेला’ हा पडवीतला दाखला फार जपून घ्यावा. विंचवाबाबत आणखी एक. नुसती असह्य वेदना असेल आणि हातपाय गरम, घाम नाही, तर जिवाचं प्रोग्नोसिस चांगलं. वेदना कमी पण हातपाय गार आणि अंग घामाने निथळतंय, तर ते वाईट. घरचे बहुधा उलटं समजतात, कारण आधी ओरडणारा माणूस आता गप्प पडलेला असतो.

कुठल्या दिवशी सांगितलं, यालाही तेवढंच वजन आहे. भातलावणीच्या दिवसांत तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरतात, त्यातला डेंग्यू घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमके पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंगात त्राण नसणं, रक्त घट्ट होणं आणि त्याच वेळी प्लेटलेट उतरणं ही धोक्याची चिन्हं. नुसता प्लेटलेटचा आकडा प्रोग्नोसिस ठरवत नाही, तरी सगळं गाव त्याच आकड्याच्या मागे असतं. सिंधुदुर्गात २०१६ पासून दिसणाऱ्या माकडतापातही असाच फसवा टप्पा आहे. आठवड्याभराने ताप जातो, माणूस काजूच्या बागेत परततो, आणि थोड्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा ताप येतो, या वेळी डोकेदुखी, थरथर, भ्रम घेऊन. लेप्टोस्पायरोसिसमध्ये किडनी बंद पडली तरी डायलिसिसवर वेळ काढला तर बहुतेकांची किडनी परत चालू होते. पण थुंकीतून रक्त येऊन फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला की चित्र एका रात्रीत पालटतं. फुरसं हा विषारी साप चावल्यावर डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो, म्हणून नवी, कोरडी, काचेचीच हवी. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करतात. पहिल्या नळीवर सांगितलेलं प्रोग्नोसिस दुसऱ्या नळीपर्यंतच खरं. ‘४८ तास क्रिटिकल आहेत’ या वाक्यामागे असं काही ठोस कारण असतं, तर कधी ती नुसती ढाल असते. ओळखायची खूण सोपी. ‘४८ तासांत काय बघणार आहात?’ असं विचारा. कारण असेल तर उत्तर लगेच मिळतं : लघवी किती होते, रक्त गोठतं का, ऑक्सिजन किती लागतो.

आकड्यांकडे वळतो, कारण नातेवाईक आता मोबाइलवर टक्केवारी वाचूनच येतात. ‘मीडियन १२ महिने’ म्हणजे शंभर रुग्णांपैकी पन्नास १२ महिन्यांच्या आत गेले, पन्नास त्याहून जास्त जगले. बाराव्या महिन्याला सगळे जातात असं त्यात कुठेच नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये या मधल्या आकड्यावरून अंदाजाचा पट्टा काढायची एक ढोबळ रीत आहे. साधारण निम्मे रुग्ण त्या आकड्याच्या निम्मे ते दुप्पट या टप्प्यात येतात, म्हणजे इथे ६ ते २४ महिने. सर्वांत वाईट वाट लागलेले दहा टक्के पाव आकड्याच्या आतच जातात, तीन महिन्यांत. आणि नशीबवान दहा टक्के तिपटीहून पुढे, तीन वर्षांच्या पलीकडे असतात. ‘एक वर्ष’ असं सांगण्यापेक्षा हे तीन टप्पे सांगितले की घर सावरतं, कारण तिन्हींची तयारी वेगवेगळी असते.

‘पाच वर्षांचं सर्व्हायव्हल’, म्हणजे पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण, हा आकडा ज्यांचे उपचार किमान पाच वर्षांपूर्वी झाले त्यांचा असतो, त्यात परवा आलेलं औषध नाही. शिवाय आजार तपासणीत लवकर सापडला की मोजणी लवकर सुरू होते. मरण त्याच तारखेला आलं तरी आयुष्य वाढल्यासारखं दिसतं. दोन हॉस्पिटलांच्या जाहिरातींतले असले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

डॉक्टर गुण देऊन काढतात ती कोष्टकंही याच जातीची. न्यूमोनियासाठी कर्ब-६५ नावाचं आहे, पाच गोष्टी, प्रत्येकी एक गुण : भ्रम, रक्तातलं यूरिया ४२ च्या वर, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत, वय ६५ किंवा जास्त. ज्या रुग्णांवर ते तपासलं त्यांच्यात शून्य ते एक गुणवाले महिन्याभरात दीड टक्का गेले, दोन गुणवाले नऊ टक्के, तीन किंवा अधिकवाले २२ टक्के. उपयोग एवढाच की कोणाला घरी गोळ्या द्याव्यात, कोणाला वॉर्डात ठेवावं, कोणाला आयसीयूत. ते रुग्ण ब्रिटन, न्यूझीलंड, नेदरलँड्समधले होते. तिशीतला खलाशी दोन दिवस बोटीवर तापात काढून धक्क्यावर येतो तेव्हा वयाचा गुण शून्य म्हणून त्याला हलका समजणं घातक ठरू शकतं. लिव्हरसाठी चाइल्ड-पू, बेशुद्धीसाठी ग्लासगो, नवजात बाळासाठी ॲपगार, सगळ्यांची मर्यादा तीच. आकडा गटाचा असतो, आणि तो ज्या क्षणी घेतला त्या क्षणाचा असतो. उलट्यांनी कोरड्या पडलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) बघून किडनीचं भवितव्य सांगणं किंवा दारूच्या नशेतल्या जखमीचा ग्लासगो बघून मेंदूचं सांगणं ही नेहमीची चूक आहे. आधी सलाइन द्या, नशा उतरू द्या, मग मोजा.

याहून मोठी चूक म्हणजे प्रोग्नोसिसनेच प्रोग्नोसिस खरं करणं. मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण पहिल्या रात्री पाहून ‘काही उपयोग नाही’ म्हटलं, उपचार आटोपते घेतले, रुग्ण गेला, आणि अंदाज बरोबर ठरला. पुढच्या रुग्णासाठी आकडा आणखी वाईट झाला. म्हणून मेंदूतल्या रक्तस्रावात किमान दुसरा पूर्ण दिवस जाईपर्यंत उपचारांवर मर्यादा घालू नयेत असा संकेत आहे, आणि हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध माणसाच्या मेंदूबद्दल किमान ७२ तास ठाम बोलू नये असा.

डॉक्टर उत्तर टाळतात म्हणून राग येतो, ते साहजिक आहे. पण टाळत नाहीत तेव्हाही ते बहुतेक जास्तच आशादायक बोलतात. २००० साली अमेरिकेत ४६८ अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना अंदाज विचारले गेले. वीस टक्केच बरोबर निघाले, ६३ टक्के प्रमाणाबाहेर आशावादी, आणि एकंदरीत डॉक्टरांनी खऱ्या आयुष्याच्या पाचपट वेळ सांगितला. डॉक्टरांची रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितका अंदाज जास्त चुकला. गावातल्या डॉक्टरांनी बाबांना तीस वर्षं पाहिलेलं असतं, त्यांच्या तोंडून खरा आकडा निघणं कठीणच. म्हणून त्यांना ‘किती दिवस?’ असं न विचारता दुसऱ्या तऱ्हेने विचारा : ‘वर्षभरात बाबा गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?’ ‘नाही वाटणार’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ वर्षात जाणार असा नाही. पुढच्या वर्षाची आखणी त्या शक्यतेसकट करा, एवढा आहे.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. पुढचा काळ वेगवेगळ्या आजारांत वेगवेगळ्या वाटेने जातो. कॅन्सरमध्ये माणूस बरेच महिने हिंडता-फिरता असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्याने उतरतो, त्यामुळे तिथे अंदाज बराच जमतो. अतिवृद्धपणात किंवा स्मृतिभ्रंशात उतार लांबलचक आणि मंद. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे वडिलांसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडण्यात, आणि दम्याच्या जुन्या आजारात वाट करवतीच्या दात्यांसारखी : धाप, ॲडमिट, बरं वाटणं, पुन्हा धाप, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडं खाली. यातला कुठला दाता शेवटचा हे कोणालाच आधी ठरवता येत नाही. तुमच्या कागदावर ‘गार्डेड’ आहे ते बहुधा याचमुळे. तिरुवनंतपुरमला हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या सुमारे १२०० रुग्णांची नोंद ठेवली गेली, त्यातले साधारण ३० टक्के वर्षभरात गेले. म्हणजे दहांतले सात वर्षाअखेरीस होते. दोन्ही बाजू मोठ्याने वाचा, घरात बोलतानाही दोन्ही सांगा.

वडील त्या तिघांत की सातांत, याचा अंदाज काही गोष्टींवरून येतो. धाप लागून ॲडमिट होण्यातलं अंतर कमी होतंय का. लघवीच्या गोळीचा डोस दर भेटीत वाढतोय का. रक्तदाब एवढा उतरलाय का की हृदयाची औषधं कमी करावी लागली. क्रिएटिनिन चढतंय, सोडियम उतरतंय, मांड्या-दंड झडून वजन कमी होतंय, हातपाय गार राहतात, असं आहे का. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर अंदाज वाईटाकडे झुकतो.

दुसरी तितकीच मोठी गोष्ट म्हणजे यंदा धाप लागली ती कशाने. टाळण्यासारखं कारण सापडलं तर प्रोग्नोसिस चांगलं. औषधं वेळच्या वेळी, मीठ बेताचं, सगळं नीट असूनही धाप लागली तर वाईट. हे कारण शोधायचं काम तुम्हीच चांगलं करू शकता, कारण ते घरात असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी मिळत नाही, आणि ताटात रोज सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील, जोडीला लोणचं. एवढ्या मिठाने शरीरात पाणी साठतं, आणि ॲडमिट व्हायची वेळ येते. सुकी मासळी धुऊन भिजवली तरी सगळं मीठ जात नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी हे दुसरं कारण. ती किडनीवर येते आणि पाणी साठवते. तिसरं, पावसात एसटी मिळाली नाही म्हणून आठवडाभर औषध नसणं, किंवा ‘सारखं लघवीला जावं लागतं’ म्हणून लाजून गोळी टाळणं. मग ॲनिमिया, थायरॉइड, ठोक्यांची अनियमितता, छातीतला संसर्ग. हे सगळं तपासल्याशिवाय ‘गार्डेड’च्या पुढचा शब्द कोणी वापरू नये, असं माझं मत आहे.

घरी एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. आईंना हे करायला जमतं, आणि पुढच्या भेटीत त्या कॅलेंडरवरून डॉक्टरांना जेवढं कळतं तेवढं एका इकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) कळत नाही. सोबत वडील दिवसभर काय करतात तेही सांगा. बागेत शिंपणं करून येतात, की अंगणापर्यंतच, की पडवीतल्या खुर्चीवर बसून असतात, की जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर. सहा महिन्यांपूर्वी काय करत होते तेही. कॅन्सर असो की हृदय, अंदाज बांधायला याच्याएवढी उपयोगी माहिती दुसरी क्वचितच असते.

मुंबईला आणायचं का? मुंबईत वेगळं काय होणार, हे ठरल्यावर निघा. हृदयाची पंपिंगची शक्ती ३५ टक्के किंवा कमी असेल आणि औषधं पूर्ण मात्रेत किमान तीन महिने चालू असूनही वाढली नसेल, तर छातीत बसवायच्या शॉक यंत्राचा विचार होतो. तसंच काही रुग्णांत विशेष पेसमेकरचा. ब्लॉकेज उघडण्यासारखं आहे का, झडप गळते का, हे पाहायचं राहिलं असेल तर तेही. यासाठी जाणं योग्य, पण तब्येत स्थिर असताना, दिवसा, फायलीसकट. फाइल मागितली की ७२ तासांत नक्कल द्यायची, असं त्याच आचारसंहितेत आहे. कोल्हापूर जवळ पडतं, पण अणुस्कुरा घाटात पावसाळ्यात दरड येते, त्या दिवसांत राजापूर रोड स्टेशनवरून रेल्वेने मुंबईच सुटसुटीत. याउलट किडनीही गेली आहे, वडील खाटेवरच असतात, यंत्राचा फायदा होण्यासारखा नाही असं तज्ज्ञ म्हणत असतील, तर महामार्गावरचे आठ-दहा तास त्यांना त्रासच देतील. मुंबईच्या ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर बंद होऊन राहायला त्यांची तयारी आहे का, हेही त्यांनाच विचारायचं.

त्यांना विचारायचं म्हटलं की घरात पहिलं वाक्य येतं, ‘बाबांना काही सांगू नका, खचतील.’ बहुतेकदा त्यांना अंदाज असतोच. नुसतं एवढं विचारा : ‘बाबा, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, की थोडं, की आम्हीच बघू?’ मग त्यांच्या उत्तराप्रमाणे थांबा किंवा पुढे जा. डॉक्टरांनाही हेच करायला सांगा : आधी विचारा, मग दोन वाक्यांत सांगा, मग काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. दहा नातेवाईक खाटेभोवती उभे असताना हे होत नाही. घरातले दोघं, आई आणि तुम्ही, ओपीडी संपल्यावर वेळ मागून बसा. बाकीच्यांना नंतर एकच माणूस फोन करून सांगेल असं ठरवा, नाहीतर मुंबईच्या काकांपर्यंत पोचेपर्यंत ‘गार्डेड’चं ‘काही खरं नाही’ झालेलं असतं. घरच्यांना ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल तर खुशाल लावावा, त्यासाठी गोळ्यांची वेळ तेवढी चुकवू नये.

मालवणकडचे लोक हा प्रश्न असा विचारतात : ‘डॉक्टरांनू, बापाशीक ह्या वर्साचे गणपती गावतले मां?’ म्हणजे, वडिलांना या वर्षीचे गणपती मिळतील ना? प्रश्न म्हणून तो ‘किती दिवस?’पेक्षा फार चांगला आहे. त्यात एक तारीख आहे आणि त्या तारखेमागे एक इच्छा आहे, त्यामुळे डॉक्टरांनाही नेमकं बोलता येतं. ‘आजची तब्येत पाहता बहुधा हो. पण मध्ये पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं तर मला तुम्हाला वेगळं सांगावं लागेल. मुलाला रजा टाकायचीच असेल तर चतुर्थीपर्यंत न थांबता आधीच येऊ द्या.’ एवढं उत्तर मिळालं तर प्रोग्नोसिसचं काम झालं. त्यातून रजा ठरते, सातबारा आणि बँकेच्या नॉमिनेशनची कामं मार्गी लागतात, आणि पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे घाईत न ठरता शांतपणे ठरतं. वडिलांना हे स्वतः लिहून ठेवायचं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये त्यात केलेल्या सोप्या बदलांनी तशी सोय झाली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करायचा.

पुढच्या भेटीला जाताना कॅलेंडर, चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या (दुखण्याच्या गोळ्याही लपवू नका), आधीचे दोन्ही डिस्चार्ज आणि शेवटचं इको न्या. विचारा : या वेळचं कारण काय होतं, ते टाळता येण्यासारखं आहे का, औषधं पूर्ण मात्रेत आहेत का, नसतील तर काय आडवं येतंय. सर्वांत चांगलं, सर्वांत वाईट आणि सर्वांत शक्य असं पुढच्या सहा महिन्यांचं चित्र काय. आणि धाप पुन्हा रात्री दोन वाजता लागली तर १०८ येईपर्यंत घरी काय करायचं, कुठली गोळी किती द्यायची, हे कागदावर लिहून घ्या. धाप औषधांनीही आटोक्यात राहीनाशी झाली तर अगदी थोड्या मात्रेतल्या मॉर्फिनने श्वासाची तगमग कमी करता येते. ते कोण देईल, आणि जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) सोय आहे का, हेही त्याच भेटीत विचारून ठेवा. हे उपचार हृदयाच्या औषधांबरोबरच चालतात, ती बंद करून नव्हे.